मागचाच भाग पुढे चालू

१९८६ सालच्या 'एलियन्स' या चित्रपटात नायिका रिप्ली जिवावर उदार होऊन एका पोरक्या मुलीला परत आणते. न्यूट तिचं नाव. शेवटी रिप्ली, न्यूट आणि हिक्स नावाचा जखमी सैनिक यानात गाढ झोपी जातात आणि चित्रपट संपतो. पोर वाचली, या समाधानात प्रेक्षक घरी जातो. मग मे १९९२ मध्ये 'एलियन ३' येतो. अजून श्रेयनामावली सरकतेच आहे, तोवर यानात आग लागते, तिघांना घेऊन सुटलेलं छोटं यान एका तुरुंग-ग्रहावर आदळतं आणि न्यूट झोपेच्या कुपीतच बुडून मरते. हिक्सही जातो. आधीच्या चित्रपटानं दोन तास खपून जे वाचवलं होतं ते पुढच्यानं पहिल्या काही मिनिटांत पुसून टाकलं.

संपादकांनी 'पुढचा भाग' हा विषय कळवला, तेव्हा माझ्या मनात आधी न्यूट आली आणि तिच्या मागोमाग कॉम्प्युटरचा पडदा. जुळणी विचित्र वाटेल, पण लिनक्स वापरणाऱ्यांना ती लगेच समजते. त्यांच्याही डेस्कटॉपचा असाच एक पुढचा भाग २०११ मध्ये आला होता आणि हजारोंचं मन मोडलं होतं. फरक इतकाच, की त्यांच्या हाती काहीतरी होतं आणि सिनेमावाल्यांच्या हाती काहीच नव्हतं. तो फरक कसा चालतो हे प्रत्यक्ष पाहावं म्हणून मी पुण्यात आणि मुंबईत थोडी फिरले.

कर्वेनगरातली रात्र

पुण्यात कर्वेनगरातला भाड्याचा फ्लॅट. इंजिनिअरिंगची मुलंमुली ओळीनं 'एलियन' मालिका बघायला जमलेली. पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर, खाली सतरंजी, कोपऱ्यात पोह्यांचं पातेलं. पहिला भाग, १९७९ चा, रिडली स्कॉटचा. त्यातलं जनावर स्विस चित्रकार एच. आर. गीगरच्या कल्पनेतलं, स्कॉटनं ते जवळपास शेवटपर्यंत नीट दिसूच दिलं नाही. कधी शेपूट, कधी जबडा, कधी नुसती साखळ्यांमधून ठिबकणारी ओल. जेवणाच्या टेबलावर एकाची छाती फोडून पिल्लू बाहेर येतं, त्या दृश्यात रक्ताचा एवढा फवारा उडणार आहे हे बाकीच्या नटांना सांगितलंच नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरची किळस खरी आहे. भिंतीवर ते दृश्य आलं आणि खोलीतली कुजबुज थांबली.

मतं मात्र दुसऱ्या भागानंतर सुरू झाली आणि मग थांबेनात. "कॅमेरॉननं शहाणपणा केला," एकजण म्हणाला. "तीच भीती परत दाखवायला गेला नाही. त्यानं युद्धपट केला." हे मला पटतं. दुसऱ्या भागाचा दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन याच्याकडे राक्षसाचे पोशाख मोजकेच होते, पण प्रकाश आणि कापणी अशी, की झुंडीच्या झुंडी आल्यासारख्या वाटतात. भयाचा पुढचा भाग काढायचा तर भीतीची जात बदलावी लागते. एकदा पाहिलेल्या जनावराला माणूस दुसऱ्यांदा तसा घाबरत नाही. २०१२ च्या 'प्रोमिथियस' या पूर्वकथेबद्दल खोलीत एकमत होतं: पहिल्या भागात जे न सांगितल्यामुळे भीती वाटायची, ते समजावून सांगायला गेले आणि भीती गेली.

तिसऱ्या भागाची बाजू एकाच मुलीनं घेतली. "ताई, तुम्ही थिएटरमधला पाहिलाय. असेंब्ली कट बघा, मग बोला."

ती बरोबर बोलत होती. 'एलियन ३' हा डेव्हिड फिंचरचा पहिला चित्रपट. त्याच्याआधी बरेच लेखक येऊन गेले होते. विल्यम गिब्सननं एक पटकथा लिहिली, ती बाजूला पडली. व्हिन्सेंट वॉर्डनं लाकडी ग्रहावरच्या साधूंची गोष्ट रचली, तीही पडली; साधूंचे कैदी झाले. पटकथा पूर्ण नसताना चित्रीकरण सुरू झालं आणि शेवटच्या संकलनाआधी फिंचर निघून गेला. २००३ मध्ये स्टुडिओनं डीव्हीडीसाठी जुन्या नोंदींवरून एक लांब आवृत्ती जुळवली, तीच ही असेंब्ली कट. त्यातही फिंचरनं भाग घेतला नाही. यात राक्षस कुत्र्याऐवजी बैलाच्या पोटातून जन्मतो, कैद्यांची माणसं म्हणून ओळख होते आणि त्यांच्या श्रद्धेला अर्थ येतो. चित्रपट खरोखरच वेगळा वाटतो.

"पण न्यूट त्यातही मरतेच," मघाचा मुलगा म्हणाला, आणि यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. २०१५ मध्ये नील ब्लोमकॅम्प या दिग्दर्शकानं तिसरा भाग बाजूला ठेवून हिक्सला परत आणणारी गोष्ट आखली होती, चित्रंही काढली होती. स्टुडिओनं ती गुंडाळून ठेवली. नामवंत दिग्दर्शकाची ही कथा, तर सतरंजीवर बसलेल्यांनी काय करावं? न्यूट जगली असती तर काय झालं असतं, याचा चित्रपट मालकाच्या परवानगीशिवाय काढता येत नाही.

मध्यंतरात मी त्या मुलीच्या लॅपटॉपकडे पाहिलं. वर एक पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली उघड्या खिडक्यांची यादी. लिनक्स मिंट नावाची सिस्टीम, माटे डेस्कटॉप. २००५ साली मी जो पडदा वापरत होते तो जवळजवळ तसाच. ही मुलगी तेव्हा जन्मलीही नसेल.

एप्रिल २०११

लिनक्स हे नाव खरं तर कॉम्प्युटरच्या गाभ्याचं. लिनस टोरवाल्ड्सनं तो गाभा १९९१ मध्ये जाहीर केला. आपण जे बघतो, म्हणजे खिडक्या, मेनू, फाइलींची कपाटं, ते सगळं वेगळे लोक बनवतात. त्यातला एक मोठा संच केडीई, १९९६ चा. तो ज्या क्यूटी नावाच्या सामग्रीवर उभा होता तिचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता. म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोतल्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी दुसरा संच सुरू केला, त्याचं नाव ग्नोम. म्हणजे ग्नोमचा जन्मच एका असहमतीतून झालेला आहे.

२००२ मध्ये ग्नोम २ आला आणि पुढची आठ-नऊ वर्षं त्याला कुणी मोठा धक्का लावला नाही. लोकांची बोटं त्याला सरावली. मग ६ एप्रिल २०११ ला ग्नोम ३ आला. खालची पट्टी गेली. मेनू गेला. खिडकी लहान करायचं आणि मोठी करायचं बटणसुद्धा शीर्षकपट्टीवरून गेलं. उरली फक्त बंद करायची फुली. त्याच महिन्यात उबुंटू नावाच्या लिनक्सनंही आपला युनिटी नावाचा नवा पडदा पुढे केला. सकाळी अपडेट करून चहा प्यायला गेलेला माणूस परत आला तेव्हा त्याचं टेबल कुणीतरी उचलून नेलेलं होतं. खुद्द टोरवाल्ड्स ग्नोम ३ वर जाहीरपणे भडकला आणि एक्सएफसीई या साध्या डेस्कटॉपवर गेला.

ग्नोमच्या मंडळींची बाजूही नीट मांडली पाहिजे. आतलं जुनं बांधकाम थकलं होतं, स्पर्शपडदे येत होते, आणि माणसानं एका वेळी एकच काम शांतपणे करावं असा त्यांचा विचार होता. तो विचार मला आजही मोलाचा वाटतो. आजचा ग्नोम देखणा आहे आणि टोरवाल्ड्सही पुढे त्यावर परतला. पण विचार चांगला असला म्हणून दुसऱ्याच्या सवयी रातोरात मोडायचा अधिकार मिळत नाही. तीन वर्षं आधी केडीईच्या चौथ्या भागाचंही असंच झालं होतं. जानेवारी २००८ मध्ये ४.० बाहेर पडला, तेव्हा करणारे सांगत होते की हा रोजच्या वापरासाठी अजून तयार नाही. तरी तो लोकांच्या कॉम्प्युटरवर पोचला आणि शिव्या खाल्ल्या.

मग झालं ते सिनेमात होत नाही. अर्जेंटिनातल्या एका लिनक्स वापरणाऱ्यानं ग्नोम २ चा सगळा कोड उचलला आणि तो पुढे चालवायला घेतला. परवानगी मागायची गरजच नव्हती. रिचर्ड स्टॉलमनच्या जीपीएल परवान्याचा अर्थच हा: प्रोग्रॅम कसाही वापरा, आतला कोड वाचा, बदला, बदललेला दुसऱ्याला द्या, अट एवढीच, की देताना कोडही द्यायचा आणि याच अटींवर द्यायचा. असा फाटा फोडण्याला तिकडे फोर्क म्हणतात, आणि या फोर्कचं नाव माटे.

फोर्क काढणं म्हणजे नक्कल करून बसणं मात्र नव्हे. त्याला आधी सगळ्या भागांची नावं बदलावी लागली. जुना आणि नवा ग्नोम एकाच मशीनवर ठेवला तर दोघांच्या फाइली एकाच नावानं एकमेकींवर चढल्या असत्या. म्हणून फाइलींचं कपाट नॉटिलस होतं ते काहा झालं, मजकूर लिहायचा गेडिट प्लूमा झाला, पीडीएफ वाचायचा एव्हिन्स अत्रिल झाला. पुढे खालची जीटीके २ ही सामग्रीच जुनी होत गेली, तेव्हा सगळं जीटीके ३ वर हलवावं लागलं. ते काम २०१७ च्या १.१८ आवृत्तीपर्यंत चाललं. जुनं जसंच्या तसं दिसत राहावं म्हणून आतलं बरंच काही नव्यानं लिहिणारी ही माणसं. त्यातल्या बहुतेकांना त्याचा पगार मिळत नाही.

दुसरीकडे लिनक्स मिंटच्या क्लेमाँ लेफेव्हरनं ग्नोम ३ चाच पाया घेऊन त्यावर जुन्या धाटणीचा सिनॅमन उभा केला. केडीई ३ वाल्यांनी ट्रिनिटी काढला. आणि उबुंटूनं २०१७ मध्ये युनिटी सोडून ग्नोम पत्करला, तर युनिटीवर जीव असलेल्यांनी तोही चालू ठेवला. याला कुणी पसारा म्हणेल. सगळ्यांनी एकाच पडद्यावर जीव ओतला असता तर तो आज कुठे असता, हा प्रश्न खोटा नाही. त्याची किंमत वापरणारे रोज मोजतात: एका डेस्कटॉपवर छापणारा प्रिंटर, तर दुसऱ्यावर त्याची सेटिंग कुठे दडली आहे ते शोधायचं. ती किंमत मोजून जे मिळतं ते मला जास्त मोठं वाटतं.

लॅमिंग्टन रोड

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनबाहेर डॉ. भडकमकर मार्ग, म्हणजे सगळ्यांचा लॅमिंग्टन रोड. जुने लॅपटॉप घेणारं-विकणारं एक दुकान, पहिल्या मजल्यावर, जेमतेम चार माणसं उभी राहतील एवढं. टेबलावर उघडे लॅपटॉप, स्क्रूंच्या डब्या, पंखा साफ करायचा ब्रश. मालक मूळचा चिपळूणचा.

"ताई, हा बघा," त्यानं एक काळा लॅपटॉप सरकवला. "बॉडी टकाटक आहे, कीबोर्ड एक नंबर, आणि कंपनी म्हणते याला अकरा चढत नाही."

मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला सोडली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीची मशीनं चालती-बोलती असूनही पुढच्या भागात बसत नाहीत. कुणी जुगाड करून चढवतं, पण मग अपडेटची खात्री राहत नाही.

"मग गिऱ्हाइकाला काय देता?"

"ज्याला टॅली पाहिजे, त्याला नवीन मशीन घ्यायला सांगतो. खोटं बोलून उपयोग नाही. पण पोरांना अभ्यास, यूट्यूब, बँक, चिठ्ठी-चपाटी एवढंच असेल, तर एसएसडी टाकतो, आठ जीबी रॅम करतो आणि मिंट मारून देतो. पळतं."

त्यानं माझ्यासमोर पेन ड्राइव्ह लावला, एफ१२ दाबून बूटचा मेनू काढला. हार्ड डिस्कला हातही न लावता पडदा उघडला. त्यानं क्रमानं वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं तपासली, झाकण बंद करून पुन्हा उघडलं. "झोपून उठतो की नाही हे आधी बघायचं. नाही उठला, तर गिऱ्हाईक रोज माझ्या डोक्यावर." हा उठला. मग बोटांचे ठसे घेणारी पट्टी चालत नाही हे त्यानं स्वतःहून दाखवलं आणि डब्यावर मार्करनं तसं लिहिलं. गिऱ्हाइकाला लिनक्स हे नाव तो सांगतच नाही. मेनू कुठे, फाइली कुठे, बंद कसा करायचा एवढं दाखवतो. सिनॅमन जड गेला तर माटे. ग्नोम तो कुणालाच देत नाही, कारण "खालची पट्टी दिसली नाही तर माणूस घाबरतो."

२०११ मधल्या त्या भांडणाचं फळ लॅमिंग्टन रोडवरच्या या टेबलावर वापरलं जात होतं. दुकानदाराला ग्नोम-माटे वादाची काहीच माहिती नव्हती आणि असायची गरजही नव्हती.

हक्क सुटलेली भुतं

सिनेमातही एकदा चुकून असंच घडलं होतं. १९६८ मध्ये पिट्सबर्गजवळ जॉर्ज रोमेरो आणि त्याच्या मित्रांनी अगदी थोड्या पैशांत 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. शुक्राहून परतणाऱ्या यानाच्या किरणोत्सर्गानं बहुधा मेलेली माणसं उठतात, असं त्यात सुचवलं आहे. आधी चित्रपटाचं नाव दुसरं होतं. वितरकानं ते बदलताना नव्या शीर्षकपाटीवर कॉपीराइटची ओळ घालायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ नसेल तर हक्क उरत नसे. चित्रपट सगळ्यांचा झाला. करणाऱ्यांचं त्यात मोठं नुकसान झालं, हे आधी सांगायला हवं.

पण नंतरचं बघा. रोमेरो आणि सहलेखक जॉन रूसो वेगळे झाले आणि एकाच गोष्टीला दोन फाटे फुटले. रोमेरोनं १९७८ मध्ये 'डॉन ऑफ द डेड' काढला: एक मॉल, आत अडकलेली माणसं, बाहेर सवयीनं खरेदीला आलेली प्रेतं. रूसोच्या फाट्यातून १९८५ मध्ये 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' आला. त्यात प्रेतं धावतात, बोलतात आणि माणसाचा मेंदू मागतात. झोंबी मेंदू खातो ही आज लहान पोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट या दुसऱ्या फाट्यातली आहे. त्याचा लेखक-दिग्दर्शक डॅन ओ'बॅनन, म्हणजे 'एलियन'ची मूळ पटकथा लिहिणारा. दोन्ही चित्रपट पाहा. कुठला खरा पुढचा भाग, हे ठरवायची मला तरी कधी गरज वाटली नाही.

याच्या उलट उदाहरण २०११ मधलंच. जॉन कार्पेंटरच्या १९८२ च्या 'द थिंग'चा पूर्वभाग निघाला. एलेक गिलिस आणि टॉम वुड्रफ यांच्या चमूनं त्यासाठी रबर, लाळ आणि यंत्रांचे राक्षस हातानं बनवले. हे दोघे 'एलियन्स'पासून या कामात मुरलेले. स्टुडिओनं त्यांच्या कामावर बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरची चित्रं चढवली. गिलिस गप्प बसला नाही. त्यानं लोकांकडून तीन लाख डॉलरहून अधिक वर्गणी गोळा करून 'हार्बिंजर डाउन' हा हातानं बनवलेल्या राक्षसांचा चित्रपट २०१५ मध्ये काढला. गोष्ट कच्ची आहे, संवाद त्याहून कच्चे. पण बर्फाळ बोटीतलं ते मांस खरंच ओलं दिसतं. 'द थिंग' हे नाव मात्र त्याला वापरता आलं नाही. कारागिराकडे हात होते, फाटा फोडायचा हक्क नव्हता.

नारायण पेठेत ऱ्याची परीक्षा

मुक्त डेस्कटॉप कुठे अडतो, हे मला पुण्यात नारायण पेठेतल्या एका डीटीपी ऑफिसात कळलं. दिवाळी अंकांचा हंगाम, भिंतीवर फर्म्यांचे हिशेब, टेबलावर लाल खुणांची प्रूफं. तिथली ताई पंचवीस वर्षं मराठी मॅटर लावते. तिच्याकडे विंडोज, श्री-लिपी आणि टाइपरायटरचा कीबोर्ड. अशा जुन्या फाँटांमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेली असतात. फाँट नसेल तर 'दिवाळी' उघडल्यावर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. शेकडो पुस्तकांच्या फाइली अशा आहेत. तिला लिनक्स घ्या म्हणणं म्हणजे आयुष्यभराचं कपाट टाकून द्या म्हणणं.

मी माझ्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस हा लिहायचा मुक्त प्रोग्रॅम उघडून दिला. तिनं मान पुढे काढून लिहायला सांगितलं: "दुसऱ्या वाऱ्यावर." र-चा तो आडवा टाक नीट बसला का ते पाहिलं. मग 'श्र', मग 'ल'. आपला गाठीचा ल आणि हिंदीतला दांडीचा ल वेगळा. मजकुराची भाषा मराठी ठेवली तर काही फाँट स्वतःहून आपला ल देतात. मुंबईच्या एकटाइप या गटाचा मुक्त परवान्याचा 'मुक्ता' तिला आवडला. "वळण चांगलंय," ती म्हणाली, आणि लगेच विचारलं, "पण कॉलम तुटला तर?"

स्क्रायबस नावाचा पानं लावायचा मुक्त प्रोग्रॅम बरीच वर्षं देवनागरी जोडाक्षरं फोडून टाकायचा. ओमानमधल्या काही मंडळींना अरबी नीट छापायची होती. त्यांनी अक्षरजुळणीचं काम अंगावर घेतलं. २०१७ च्या सुमारास ते मूळ प्रोग्रॅममध्ये आलं आणि त्याच वाटेनं देवनागरीही सुधारली. ओमानमधल्या कुणाच्या तरी मेहनतीवर आपली जोडाक्षरं उभी आहेत. पानं लावण्याच्या कामात तो प्रोग्रॅम अजून व्यावसायिक साधनांच्या मागे आहे. ताईनं तो अर्ध्या तासात बंद केला आणि तिचं बरोबर होतं. तिच्या कामाला मतं पुरणार नाहीत. श्री-लिपीच्या फाइली युनिकोडमध्ये बिनचूक उतरवणारं, टाइपरायटरच्या कीबोर्डवर चालणारं साधन कुणीतरी बसून घडवायला लागेल. परवाना मोकळा आहे, माणसं हवीत.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सुचवते. घरातला विंडोज १० चा लॅपटॉप भंगारात देण्याआधी त्यातल्या फोटोंची आणि कागदपत्रांची दुसरीकडे प्रत काढा, आणि मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. लॅपटॉपवरचं काही पुसलं जात नाही. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे पाठ मराठीतून फुकट आहेत. आणि ज्यांना कोड येतो किंवा नुसतं चांगलं मराठी येतं, त्यांनी माटे, ग्नोम, केडीई, लिब्रेऑफिस यांतल्या कुठल्याही एकाच्या मराठी भाषांतराला हात लावावा. हे काम स्वयंसेवक करतात, नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत आणि आठवड्याला एक तास दिला तरी चालतो.